सोलापुरात बघायला काही नाही

पुण्याच्या ऑफिसातली चौघं जण जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी सोलापूरला येतो म्हणाली. त्यांच्यासाठी मी दोन दिवसांची यादी केली आणि गावी गेल्यावर ती मामांच्या हाती दिली. तिथंच फसले. मामांनी चाळीस वर्षं एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिलाय. त्यांच्या हाती गेलेला कागद तपासल्याशिवाय परत येत नाही. घरात कानडी, गल्लीत मराठी, पूर्व भागातल्या विणकरांशी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी, अशा चार भाषांत ते भांडू शकतात. माझ्याशी मराठीत भांडले. ते भांडण आठवतं तसं इथं उतरवते. मधूनमधून माझी बाजू जरा उजळून निघाली असेल, पण लिहायला मी बसलेय.

मामा : पहिल्या ओळीतच घोळ. ‘शनिवार, सकाळी ९, नान्नज अभयारण्य.’ आणि सिद्धेश्वराचं देऊळ कुठंय?

मी : ते संध्याकाळी ठेवलंय. तळ्यात दिव्यांची प्रतिबिंबं पडतात तेव्हा.

मामा : ते बरंय. पण नान्नज कशाला? सोलापुरात बघायला काही नाही. पाहुण्याला हे आधीच सांगून टाकावं, म्हणजे तो मनाची तयारी करून येतो.

हे वाक्य प्रत्येक सोलापूरकराच्या तोंडी असतं, आणि त्यात लाज कमी, ऐट जास्त. पाहुण्यानं ‘काय बघू?’ विचारलं की आम्ही तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर सांगतो. म्हणजे गाव सोडून जायचे तीन रस्ते सांगतो.

मी : काही नाही कसं? तळं आहे, भुईकोट किल्ला आहे, इंद्रभुवन आहे.

मामा : देवळाला एक तास. किल्ल्याला एक तास. इंद्रभुवन ही महापालिकेची कचेरी, ती बाहेरून बघायला दहा मिनिटं. उरलेला दिवस ही पोरं काय करणार? खाणार. मग खाण्याचं नीट लिही की. तू काय लिहिलंस? ‘शेंगा चटणी, कडक भाकरी : खरेदी.’ खरेदी! खायची कधी, कुणाबरोबर, ते कुठाय?

मी : पाकीट घेऊन जातील आणि घरी खातील.

मामा : तेच म्हणतो. पाकीट पुण्यातही मिळतं.

मग त्यांनी मला परसदारी नेलं. मामी उखळाशी बसल्या होत्या. हल्ली गल्लीतल्या डंकावरून चटणी कुटून आणतात, पण घरात चार पाहुणे येणार म्हटल्यावर उखळ धुऊन निघालं होतं. खरपूस भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, एवढंच. पाण्याचा थेंब नाही. सुरुवातीला मुसळाचा आवाज कोरडा येतो, दाणे कडेनं उडतात आणि मामी ते डाव्या हातानं आत लोटतात. पाच-सात मिनिटांनी आवाज बदलतो, बसका होतो. दाण्यानं तेल सोडलेलं असतं. मामींनी मुठीत थोडी चटणी दाबली तर बोटांच्या वळ्यांसकट लाडू वळला. मिक्सरमध्ये दाणा कापला जातो, तेल आतच राहतं आणि हाती भुरभुरीत कूट येतो. उखळात दाणा चिरडला जातो. मामींच्या कानडीत हिचं नाव शेंगा हिंडी.

मामा : हे बघायला पाच मिनिटं लागतात, आणि तिकीट नाही.

मी : पण मामा, चार अनोळखी माणसांना मी कुणाच्या परसदारी नेऊ? दुकानाची नावं द्या. मी फोनवर जागा पाठवते, ते शोधत जातील.

मामा : नाव नको, वेळ दे. नाव दिलं की पोरं दुपारी तीनला जाऊन म्हणतील, काही खास नव्हतं. सकाळी सात ते नऊ इडली-वडा. आपल्याकडचं सांबार कानडी वळणाचं, पुण्याच्या उडुप्याचं गोड नव्हे. दुपारी भाकरी. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पार्क चौकात चाट आणि भजी. रात्रीचं मला विचारू नको.

मी : म्हणजे मटणाचं.

मामा : आम्ही खात नाही, त्यामुळं सांगत नाही. न खाल्लेल्या पदार्थाची शिफारस करणारी माणसं मला आवडत नाहीत.

मामांचा हा नियम मला मान्य आहे, पण त्यानं अर्धं सोलापूर यादीतून गळतं. इथल्या मटणाची ओळख काळ्या मसाल्याच्या रश्शापेक्षा आळणीत जास्त आहे. हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेल्या मटणाचं ते तिखट नसलेलं पाणी आधी वाटीभर पितात, मग तिखट रस्सा, आणि त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून. पातळ चपातीबरोबर ते खाणाऱ्याकडे आजूबाजूची माणसं दयेनं बघतात. हे मी शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी शिकले, मामांना न सांगता.

मी : पूर्व भागही तुमच्या वेळापत्रकात नाही.

मामा : पूर्व भागात हॉटेलात काय खाणार? तिथलं खाणं घरात असतं. पेढीवर विणकर यायचे, त्यांच्या डब्यात अंबाडीची भाजी असायची. पुंटीकुरा म्हणतात ते. आंबट अशी, की दुपारची झोप उडायची. संक्रांतीला सकिनालु आणायचे.

सकिनालु विकत घेण्यापेक्षा होताना बघावेत. तांदळाच्या पिठात तीळ, ओवा आणि मीठ घालून भिजवतात, आणि मग जमिनीवर पसरलेल्या धुतलेल्या कापडावर बोटांच्या पेरांतून पिठाची दोरी वळत वळत वर्तुळात वर्तुळ घालतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत संक्रांतीच्या आधी दोन-तीन दिवस बायका हेच करत असतात, बाहेरच्या खोलीत यंत्रमाग खडखडत असतो, आणि बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. माझी एक मैत्रीण त्या भागातली. तिच्या आईनं ‘आणा की सगळ्यांना’ म्हटलंय. मी ते यादीत लिहिलं होतं. मामांनी त्यापुढं बरोबरची खूण केली. सबंध कागदावरची पहिली.

मामा : चादर?

मी : तीही आहे. रविवारी दुपारी.

मामा : घेताना कुठली ते विचारायला सांग. सोलापुरी म्हणून बाहेर जे खपतं ते सगळं इथलं नसतं. आणि आता माग टॉवेलवर जास्त चालतात, तेही सांग. जुनी मिल, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, सगळे भोंगे बंद. पूर्वी भोंग्यावर गाव जेवायचं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग पेन्सिल परत पहिल्या ओळीवर आली.

मामा : हे नान्नज मात्र खोडणार. पाहुण्याला खोटं सांगू नये.

मी : खोटं काय त्यात?

मामा : नाव काय? मालढोक पक्षी अभयारण्य. मालढोक आहे? एखादा दिसला तर पेपरात फोटो येतो. जो पक्षी देशात जेमतेम शे-दीडशे उरला, तोही बहुतेक राजस्थानात, तो तुझ्या पुण्याच्या पोरांना शनिवारी सकाळी दर्शन देणार? देव नसलेल्या देवळात पाठवल्यासारखं आहे हे.

यावर माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. मामांचं म्हणणं खरं आहे. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ते या एका पक्ष्यासाठी. मीटरभर उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक, वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. माझ्या लहानपणी शाळेची सहल गेली होती तेव्हा गुरुजींनी लांबवर बोट दाखवलं होतं. मला तिथं गवत दिसलं होतं.

मी : मी त्यांना मालढोक बघायला नेतच नाहीये. माळ बघायला नेतेय.

मामा : माळात काय बघायचं? माळ म्हणजे जिथं काही नाही तो.

मी : सरकारही तेच म्हणत आलं. पडीक जमीन. म्हणून तिथं झाडं लावली, गिरिपुष्प लावलं. हिरवं केलं म्हणून सगळे खूश. पण ज्या पक्ष्याला चारी बाजूंनी लांबवर दिसलं पाहिजे, तो झाडीत राहील कसा? काळविटाचंही तेच. धोका दिसला की पळायचं ही त्याची सगळी विद्या, आणि तिला मोकळं मैदान लागतं.

मामा : आणि शेतकऱ्याला काय लागतं? तुझ्या मामीचं माहेर त्या बाजूचं. आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर जमीन कागदावर अभयारण्य करून ठेवली होती. त्यात माणसांची गावंच्या गावं. जमीन विकायची तर विचारा, रस्ता करायचा तर विचारा. पुढं बाराशेवर आणलं तेव्हा लोक सुटले. मालढोकाचं नाव काढलं की तुझ्या मामीचे बंधू अजून पान थुंकतात.

मी : मान्य. मोठं कुंपण घातलं, तेही कागदावर, आणि आत पक्षी राहिला नाही. दोन्हीकडून हरलो. पण पाहुण्यांना हे सांगायचं नाही का? त्याच नान्नजनं सोनाका द्राक्ष दिलं. नानासाहेब काळ्यांचा मळा तिथलाच. एकाच गावची ही दोन नावं, एक वाढलं आणि एक गेलं. बोअर, बागा, तारा, कुत्री, सगळं मधे आलं. मला ते रस्त्याच्या कडेला उभं राहून दाखवायचंय. एका बाजूला द्राक्षाचे मांडव, दुसऱ्या बाजूला गवत.

मामा : पोरं सहलीला येतायत का श्राद्धाला?

मी हसले, पण बोचलं. मग मी माझं खरं कारण सांगितलं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत भल्या पहाटे मी तिथं गेले होते. दव इतकं, की बूट भिजून चिंब. गवत कमरेपर्यंत, सुकून तांबूस झालेलं, आणि सूर्य आडवा आला तेव्हा प्रत्येक कुसळ पेटल्यासारखं दिसायला लागलं. चंडोल उभाच्या उभा वर चढत गात होता. मध्य आशियातून थंडीपुरते येणारे भोवत्या ससाणे गवताला पोट घासेल इतके खालून तरंगत नाकतोडे हेरत होते. रात्री हे जमिनीवरच, गवतात, घोळक्यानं झोपतात. मग तीन काळविटं थांबली, माना वळवल्या, आणि त्यांच्या मागं बऱ्याच अंतरावर एक लांडगा चालत गेला. पळत नव्हता. कामाला निघालेल्या माणसासारखा, खाली मान घालून, सरळ रेषेत. दोन मिनिटं दिसला असेल. सोलापूरच्या बसस्टँडपासून वीस किलोमीटरवर.

मामा : लांडगा? आपल्याकडं?

मी : आपल्याकडं.

मामा : माझे वडील सांगायचे, धनगरांच्या वाड्यावर येतो म्हणून. मला वाटलं संपला असेल.

ते उठून आत गेले आणि कडक भाकरीचा डबा घेऊन आले. एक भाकरी टेबलावर ठेवून बोटानं टकटक वाजवली.

मामा : हे कुणाचं खाणं सांग.

मी : आपलं.

मामा : माळावरच्या माणसाचं. आज भाजली तर महिनाभर टिकते, कारण पाणी सगळं घालवलेलं असतं. पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग विस्तवाच्या धगीला उभी करून ठेवायची. धनगर बांधून न्यायचे, यात्रेकरू न्यायचे. परतीच्या पावसावर पेरलेली ज्वारी, जमिनीतल्या ओलीवर वाढलेली. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी पस्तीस-एक हे वाण नव्वदएक वर्षं झाली तरी पेरतात. दिसायला मोती, चवीला गोड. तुझी पोरं ही भाकरी पुण्यात सोफ्यावर बसून खाणार, आणि कागदावर लिहिणार, फार कडक आहे.

मी : मग मी काय म्हणतेय? नान्नजला बरोबर नेते. चटणी, भाकरी आणि दही. गवताच्या कडेला बसून खातील.

मामा : दही सांडेल. कांदा ने.

मला वाटलं मिटलं. पण खाली हुरडा होता.

मामा : ‘हुरडा पार्टी, रिसॉर्ट, माणशी…’ हा आकडा खरा आहे?

मी : त्यात नाश्ता, जेवण, बैलगाडीची फेरी आणि पतंगही येतो.

मामा : बैलगाडी! हुरडा काय वरातीत खातात?

इथं मात्र मी अडून बसले. ज्यांचं गावात कुणी नाही त्यांनी हुरडा कुठं खायचा? शेतात बोलावणारा मामा प्रत्येकाच्या नशिबी नसतो. पैसे मोजून का होईना, शहरातलं पोर ज्वारीच्या ताटांत उभं राहतं, आणि शेतकऱ्याला धान्यापेक्षा चार पैसे जास्त सुटतात. मामांनी ऐकून घेतलं. त्यांची तक्रार पैशाची नव्हतीच.

मामा : तिथं ताटलीत आणून देतात ना? मग तो उसळीसारखा खायचा. हुरडा हातावर पडावा लागतो.

हेही खरं. शेताच्या बांधावर खड्डा करून गोवऱ्या पेटवतात, ती आगटी. सुरती नाहीतर गूळभेंडीची कोवळी कणसं विस्तवात खुपसतात आणि भाजणारा ती एकेक करून उपसून तळव्यात चोळतो. तळवे भाजतात. तो फुंकर मारतो, भुसा उडतो आणि हिरवे, लुसलुशीत, धुरकट दाणे तुमच्या ओंजळीत पडतात. ते तिथल्या तिथं संपवायचे. दोन मिनिटं गेली की दाणा चिवट होतो. मग पुढचं कणीस. मधे गुळाचा खडा, शेंगा चटणी, टहाळाचे हरभरे, बोरं. म्हणून हुरड्याला माणसं आगटीभोवती गोल बसतात, नि चोळणाऱ्याच्या हाताकडं सगळ्यांचे डोळे. सोलापूर-विजापूर पट्ट्यात ह्यालाच सीतनी म्हणतात.

मामा : मामीच्या भावाला फोन करतो. नान्नजच्या बाजूलाच शेत आहे.

मी : ज्यांना मालढोकाचं नाव चालत नाही ते?

मामा : नाव काढू नका म्हणजे झालं. नाहीतर काढा. तोही ऐकवेल, पोरांना दोन्ही बाजू कळतील.

रविवार भराभर मार्गी लागला. सकाळी हत्तरसंग कुडल, जिथं सीना भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे, मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी एक. घरात कानडी बोलणाऱ्या मामांना त्याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. ‘हजार वर्षांपूर्वी इथं कुणीतरी मराठीत लिहिलं, आणि तुम्ही पुण्याला मराठीचं माहेर म्हणता,’ हे ते माझ्या मित्रांना ऐकवणार आहेत. नळदुर्ग मी घातला होता, तो त्यांनी खोडला. नर-मादी धबधबे बोरी नदीला पाणी असतानाच बघायचे, जानेवारीत दगड बघून याल म्हणाले. हिप्परग्याचा तलाव त्यांनी स्वतःहून घातला, ऊन खाली आल्यावर पक्षी बघायला. मालढोक नाही तर नाही, बदकं तरी.

संध्याकाळी होम मैदानावरचा गड्डा. याबाबत वाद नव्हताच, फक्त मी ‘जत्रा’ असं एका शब्दात लिहिलं होतं.

मामा : सात काठ्या कशाच्या, ते सांगशील ना?

मी : सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज. अडुसष्ट लिंगांना तेल, मग अक्षता, होम, दारूकाम.

मामा : आणि अक्षता कुणाच्या लग्नाच्या?

मी : योगदंडाचं लग्न, कुंभाराच्या लेकीशी.

मामा : ठीक. काठी पेलणारे बाराबंदी घालतात तेही सांग. ती पोरं शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरणार, त्यांना गाडीचं नाव का पडलं ते माहीत आहे?

मी : विचारीन.

मामा : विचारू नकोस, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून घेऊन जा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. बारा जानेवारी एकतीसला येरवड्यात फाशी दिली. चारी नावं बघ, पूर्ण गाव आलं त्यात.

यादी आता ओळखू येत नव्हती. बाण, खोडाखोड, समासात कानडीतली एक ओळ, जी मला वाचता येत नाही. मामांनी चष्मा काढून परत घातला आणि पहिल्या ओळीवर आले. ‘सकाळी ९’ खोडून ‘५.३०’ केलं.

मी : साडेपाचला कुणी उठणार नाही मामा. रात्री दहाला उतरतील, जेवतील, झोपायला एक वाजेल.

मामा : नऊला लांडगा घरी गेलेला असतो. मी चारला उठतो, मी हाका मारतो सगळ्यांना.

मी : तुम्ही येणार?

मामा : अडुसष्ट वर्षं झाली इथं, नान्नजला द्राक्षं आणायला गेलोय, लग्नाला गेलोय, बैठकीला गेलोय. गवतात कधी उतरलो नाही. वनखात्याची परवानगी काढलीस?

मी : काढते.

मामा : गाडीत गाणी लावायची नाहीत आणि गाडी रस्ता सोडून घालायची नाही, हे पोरांना तू सांग. मी सांगितलं तर म्हातारा कटकट करतो म्हणतील.

मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : कडक भाकरी १२, चटणी पाव किलो, कांदे ४, मीठ पुडीत, थर्मास २. तिथं चहा मिळत नाही.